ओवाळणीची माती

बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका भाऊबीजेला मी माझ्या धाकट्या बहिणीला ओवाळणीत दोन डंपर माती घातली. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्यात मात्र ही हसण्याची गोष्ट नव्हती. आम्ही पेणच्या खाडीपट्ट्यातली मिठागरवाली माणसं. उधाणाचं पाणी, फुटलेले बांध आणि ते बांधायला लागणारी माती, ह्यातच आमच्या पिढ्या गेल्या. आमच्याकडे कुणी घर बांधायला काढलं तर सोयरे आधी विचारतात, भराव कुठनं आणणार? फुकट मिळणारी माती नको म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

बहीण दिली नागावला. घर जुनं, कौलारू, मागे नारळी-सुपारीची वाडी आणि घराच्या कुशीला बावडी. त्या बावडीचं पाणी इतकं गोड की आजूबाजूच्या चार घरच्या बायका डाळ शिजवायला तिथलंच पाणी न्यायच्या. समुद्र इतका जवळ असताना गोड्या पाण्याची बावडी असणं ही त्या आळीत मिरवायची गोष्ट होती, आणि माझी बहीण ती मिरवायचीही. अडचण एकच. समोरचा रस्ता दर दोन-तीन वर्षांनी डांबर चढून उंच होत गेला आणि तिचं अंगण खाली राहिलं. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी सरळ तिच्या दारात यायचं आणि बावडीच्या कठड्यापर्यंत जायचं.

त्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, यंदा भाऊबीजेला साडी नको. मना माती दे. बावडीच्या बाजूला दीड हात भर घातली का पानी तिकडं जायाचा नाय."

मी म्हटलं, "जगात पहिली बाई तू, भावाकडे माती मागणारी."

"भाऊ डंपरवाला हाय तर काय मागू, विमान?"

मिठागरं बंद पडली तेव्हा आमच्या गावातले निम्मे पुरुष गाड्यांवर गेले. मीही गेलो. आधी दुसऱ्याचा डंपर चालवला, मग स्वतःचा घेतला. माती, रेती, खडी, जे मिळेल ते वाहिलं. स्वभाव तापट, कुणी गाडी मागे घे म्हटलं तर मी पुढे घेणार. पण बहिणीनं काही मागितलं आणि मी दिलं नाही असं तोवर घडलं नव्हतं. मी मातीच्या मागावर राहिलो.

दिवाळीच्या तोंडावर अलिबागच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर काम निघालं. जमिनीखालच्या जुन्या लोखंडी टाक्या काढून नव्या बसवायच्या होत्या. जेसीबीनं खड्डा खणला, टाक्या वर आल्या, आणि भोवतीची माती उचलायला मला बोलावलं. कुठं टाकू, असं मी विचारलं. ठेकेदार म्हणाला, कुठं पण टाक, फक्त रस्त्यावर दिसली नाही पाहिजे. माझा आनंद गगनात मावेना. चांगली भुसभुशीत माती होती ती.

वास येत होता. खोटं कशाला बोलू? पण पेट्रोल पंपावरच्या मातीला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? शिवाय वीस वर्षं डिझेलमध्ये काढलेलं माझं नाक केव्हाच कामातून गेलेलं होतं. काही ढेकळं निळसर काळी होती, हातात घेतली की तेलकट लागायची. मी म्हटलं, हातावर पेट्रोल सांडलं तर दोन मिनिटांत उडून जातं, मग मातीतलंही दोन दिवसांच्या उन्हात उडेल. माझं सगळं विज्ञान एवढंच होतं, आणि त्यावर मी बहिणीची बावडी लावली.

भाऊबीजेच्या सकाळी भरलेला डंपर आमच्या अंगणात उभा होता. मी हार बांधत होतो, हो, डंपरला झेंडूचा हार. बाबा काठी टेकत आले. सारं आयुष्य त्यांनी मिठागरात बांध घालण्यात काढलेलं. कुठलीही माती दिसली की चिमूटभर घ्यायची, दोन बोटांत चोळायची आणि जिभेच्या टोकावर ठेवायची, ही त्यांची सवय होती. खार किती, चिकण किती, बांध धरेल की नाही, हे ते त्यावरून सांगायचे. त्यांनी हौद्याच्या फटीतून सांडलेली माती उचलली, चोळली, तोंडाजवळ नेली. आणि थांबले. जिभेवर ठेवलीच नाही. ती खाली टाकून त्यांनी हात झाडाच्या बुंध्याला पुसला.

"कुठशी आनलीस ही?"

"पंपावरची आहे. फुकट मिळाली."

"यान एक गांडूल नाय."

"बाबा, टाकीच्या बाजूला दोन पुरुष खोल पुरलेली माती ती. तिथं गांडूळ काय करणार?"

"मंग पोरीच्या दारान नको घालू."

माझं डोकं सटकलं. सणाचा दिवस, गाडी भरलेली, बहीण वाट बघतेय, आणि ह्यांचं हे. मी म्हणालो, "मिठागर बुडालं तरी तुमची माती चाखायची खोड काही जात नाही." बाबा काठी टेकत घरात गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले, आणि त्या सकाळचं ते वाक्य मला कधी परत घेता आलं नाही.

नागावला मात्र थाटच झाला. हार घातलेला डंपर आळीत शिरला तशी माणसं बाहेर आली. बहिणीनं मला ओवाळलं, मग हसत हसत डंपरलाही कुंकू लावलं. मेहुणे फावडं घेऊन तयारच होते. मी हौदा वर उचलला, माती धडधडत खाली आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी दोन खेपा केल्या. बावडीच्या भोवती दीड हात भर पडली, मेहुण्यांनी ती धुम्मसानं ठोकून सपाट केली, आणि बहिणीनं तिथं चिकूचं कलम लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, हा माझ्या दादाचा चिकू.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसरा पावसाळा सरता सरता बावडीच्या पाण्यावर साय धरावी तसा रंगीत तवंग दिसायला लागला. मग वास. बहिणीचा फोन आला, पाणी बिघडलंय म्हणून. मी गेलो तेव्हा मेहुणे बावडीच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. वाडीला पाणी द्यायला त्यांनी बावडीच्या काठावर एक जुनं डिझेलचं इंजिन बसवलेलं होतं. त्यांच्या मते तेच गळत होतं.

"माझ्याच इंजिनान घान केली, दादा," ते म्हणाले. "बापजाद्यांचा पानी मी नासवला."

मी पाण्याकडे पाहिलं, मग चिकूकडे. चिकूची पानं पिवळी पडली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबांचा झाडाला पुसलेला हात डोळ्यांसमोर आला. मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? "इंजिन जुनंच झालं होतं तुमचं. किती वेळा सांगितलं, काढून टाका."

त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांना पटलं, कारण ते आधीपासूनच स्वतःला बोल लावत होते. मी फक्त त्यावर शिक्का मारला. त्यांनी इंजिन काढलं. चैत्रात स्वतः बावडीत उतरून कमरेएवढा गाळ उपसला. दोन-दोनदा औषध टाकलं. पुढच्या पावसाळ्यात वास परत आला. मग त्यांनी बावडीवर जाळी टाकली. घरात नळाचं पाणी, तेही एका दिवसाआड. शेजारच्या बायका कळशी घेऊन यायच्या बंद झाल्या. त्यांच्यातल्या एकीनं म्हणे हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर सांगितलं, ह्यांच्या आळसापायी गोडी बावडी गेली. बहिणीनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तेव्हाही मूग गिळून बसलो.

मला कधी ठाऊक होतं आणि कधी नव्हतं, हे आज मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मी विचारच करायचो नाही. तिच्याकडे गेलो की ती माझ्यापुढे सीलबंद पाण्याची बाटली ठेवायची आणि मी म्हणायचो, "काय पंचतारांकित थाट आहे गं!" ती हसायची. असं मी दहा वर्षं म्हटलं. दोन वर्षांपूर्वी मेहुणे हृदयविकारानं गेले. शेवटपर्यंत कुणी बावडीचा विषय काढला की ते म्हणायचे, माझ्या इंजिनानं घात केला.

ह्या वर्षी उन्हाळ्यात तोच पंप कायमचा बंद झाला. मालकाच्या मुलांना तिथं दुकानं आणि वर राहायच्या जागा बांधायच्या होत्या. पण पायाभरणीच्या आधी खालची माती स्वच्छ करून द्यायची होती, आणि ते काम करायला पुण्याकडची एक इंजिनिअर मुलगी आली. माझ्या मुलीपेक्षा लहान. पायात बूट, हातात मोजे, तोंडावर मास्क. डंपर पुन्हा माझाच.

पहिल्याच दिवशी तिनं माझी गाडी परत पाठवली. हौद्यात आधी जाड प्लॅस्टिक अंथरा, माती भरल्यावर वरून ताडपत्री घट्ट बांधा, मगच फाटक उघडेन म्हणाली.

मी भडकलो. "मॅडम, माती न्यायची आहे का नवरी? तीस वर्षं माती वाहतोय मी."

"काका, ही माती वाटेत कुठं सांडली तर तीही आपल्याला खरवडून आणायची आहे," ती शांतपणे म्हणाली. "आणि ही टाकायला नाही, विषारी कचऱ्याच्या खास जागी न्यायची आहे. प्रत्येक खेपेला कागद सही होऊन येणार."

तिच्याकडे एक यंत्र होतं, हातात मावेल एवढं. मातीचं ढेकूळ पिशवीत घालायचं, थोडं थांबायचं आणि यंत्राची नळी आत सरकवायची, की त्यावर आकडा चढायचा. आपल्या नाकाला जे कळत नाही ते त्याला कळतं, असं ती म्हणाली. मी विचारलं, दोन दिवस उन्हात टाकली तर उडून नाही का जाणार हे सगळं?

"वरच्या बोटभर मातीतलं जाईल," ती म्हणाली. "आतलं तसंच राहतं. डिझेल तर वर्षानुवर्षं चिकटून बसतं. पाऊस पडला की थोडं थोडं खाली उतरतं. इथली जमीन वाळूची, पाणी वरच लागतं. जवळ बावडी असली तर संपलंच."

मी पाण्याची बाटली उघडली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो.

चौथ्या दिवशी तिनं सगळ्यांना गोळा केलं. खड्ड्याच्या एका अंगाला तिला बाहेरून आणून भरलेली वेगळी माती लागली होती. म्हणजे इथं पूर्वी खणलंय, ती म्हणाली. मग तेव्हाची माती कुठे गेली? पंपावरच्या जुन्या माणसानं खांदे उडवले. मालकाची मुलं तेव्हा शाळेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण मी तीस वर्षांची फुशारकी नुकतीच मारली होती. मी गाडीचं चाक तपासायला वाकलो.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आनंदाची बातमी. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतोय. आणि बावडी उघडतोय! आता वास पण येत नाही. रविवारी गाळ काढून मोटर बसवतो, स्वयंपाकाला तेच पाणी. आई म्हणते, बाबांचा जीव त्या बावडीत होता. गाळ न्यायला तेवढा डंपर घेऊन या."

रविवारला तीन दिवस होते. गप्प बसायची मला सवय होती, बारा वर्षांची. पण आता त्या पाण्यात भात शिजणार होता. बहीण खाणार, तिची सून खाणार, मुंबईहून येणारी परकी लेकरं खाणार. आणि बोललो तर बहिणीला कळणार की तिचा नवरा ज्याचा दोष स्वतःवर घेऊन गेला तो दोष माझा होता. मला बावडीपेक्षा ह्याचीच भीती जास्त वाटत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

सकाळी मी त्या मुलीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. माती किती, बावडीपासून किती अंतरावर, किती जाडीची भर, एवढंच विचारून तिनं वहीत टिपलं आणि म्हणाली, "आजच जाऊ."

गाडीत बसताना मी हात जोडले. "मॅडम, एक करा. माती कुणी घातली ते सांगू नका."

"काका, मी मातीबद्दल सांगेन," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल तुम्ही सांगा."

बहिणीला वाटलं, मी पाहुणी आणली. ती चहा टाकायला निघाली. मुलीनं चिकूजवळ हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोक पाडलं. वरची वीतभर माती साधी, तपकिरी. त्याखालून निळसर काळी वर आली आणि वास माझ्या मेलेल्या नाकालासुद्धा आला. यंत्रावरचा आकडा चढत गेला. बहीण चहाची कपबशी घेऊन दारात थबकली.

"हा कसला वास?" ती म्हणाली. "हाच तो. बावडीचा."

मी सांगितलं. उभ्या उभ्या, भाच्यासमोर, त्या परक्या मुलीसमोर. पंप, जुन्या टाक्या, फुकटची माती, बाबांनी जिभेवर न ठेवलेली चिमूट. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल. तिनं कपबशी ओट्यावर ठेवली.

"तुना मातीची पारख नव्हती, ते मी समजून घेन," ती म्हणाली. "पन ते त्या पायरीवर बसून सोताला शिव्या देत व्हते. आनि तू समोर बसला व्हतास."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही मला कळलं नाही, ती आत निघून गेली होती. चहा ओट्यावर तसाच राहिला.

बावडी उघडायचं भाच्यानं रहित केलं. पाण्याचा नमुना तपासायला गेला आणि उत्तर आलं, पिण्याजोगं नाही, स्वयंपाकालाही नाही. त्या मुलीनं वरिष्ठांशी भांडून ही माती पंपाच्याच कामात धरून घेतली, कारण मूळची ती तिथलीच. मी हौद्यात प्लॅस्टिक अंथरलं आणि बारा वर्षांपूर्वी टाळ्यांच्या गजरात ओतलेली माती परत भरली. बरोबर खालचीही बरीच न्यावी लागली. चिकू काढावा लागला. त्याची मुळं खाली गेलेलीच नव्हती, वरच्या वीतभर मातीत आडवी पसरून ते झाड इतकी वर्षं कसंबसं जगलं होतं. ह्या वेळी आळीतली माणसं कुंपणाशी उभी राहून मुकाट्यानं बघत होती.

बावडीचं पाणी आता दर तीन-चार महिन्यांनी तपासायचं. ते परत गोड होईल का, हे त्या मुलीलाही सांगता आलं नाही. काही वर्षं लागतील, एवढंच म्हणाली. अंगण पूर्वीपेक्षा खोल झालं आणि पावसाळ्यात पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. बहिणीनं ते फोन करून सांगितलं नाही. भाच्याकडून मला कळलं.

भाऊबीजेचं बोलावणं येईल असं मला वाटत नव्हतं. ते आलं, पण सुनेच्या तोंडून. मी एका सोयऱ्याच्या शेतात तळं खणत होते तिथली माती भरली. आधी हातानं उकरून बघितली. ओली, तांबूस, गांडुळं वळवळणारी. डंपरला हार बांधायचा धीर झाला नाही.

नागावला पोचलो तर बहीण फाटकात उभी. मी गाडी मागे घेऊन अंगणात लावायला लागलो.

"थांब," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. ती चालत हौद्यापाशी आली, फटीतून सांडलेली माती मुठीत घेतली आणि चोळली. नाकाशी नेऊन बराच वेळ हुंगली. मग चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवली, अगदी बाबा ठेवायचे तशी. मी केबिनमध्ये स्टिअरिंग धरून बसलो होतो, खाली उतरायचीही हिंमत नव्हती. मी दिलेली वस्तू ती आयुष्यात पहिल्यांदा पारखून घेत होती, आणि आता दर वेळी पारखूनच घेणार होती.

तिनं तोंडातली माती बाजूला थुंकली, पदरानं ओठ पुसले.

"घाल," ती म्हणाली, आणि ओवाळणीचं ताट आणायला आत गेली.